विसार देण्याआधीचे दहा महिने

२०२३ च्या दिवाळीत भाची आणि जावई फराळाला आले ते एका गृहप्रकल्पाची चकचकीत पिशवी घेऊन. पिशवीत माहितीपत्रक, बुकिंगचा फॉर्म आणि दोन लाखांचा चेक. चेक लिहून झाला होता, द्यायचा बाकी होता.

"मावशी, तुम्ही फक्त एक नजर टाका," जावई म्हणाला. "ऑफर पाडव्यापर्यंतच आहे."

मी बँकेच्या गृहकर्ज विभागात चोवीस वर्षं काढली. दिवाळीच्या पाडव्याला संपलेली ऑफर गुढीपाडव्याला पुन्हा उगवते, हे दरवर्षी पाहिलं आहे. चेक मी माझ्या डायरीत ठेवला आणि चकल्यांचं ताट पुढे सरकवलं. तिथून पुढचे दहा महिने काय झालं त्याची ही हकिकत. दोघांना विचारून लिहिते आहे. रकमा त्यांच्याच आहेत, नावं मुद्दाम गाळली आहेत.

जावई तेव्हा चौतिशीचा, चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला, हातात येणारा पगार ७८ हजार. भाची खासगी शाळेत शिक्षिका, ३६ हजार. एक चार वर्षांची मुलगी. कर्वेनगरला भाड्याचं घर, भाडं २३ हजार. गाडीचा हप्ता ११,४००. गाठीला साडेसहा लाखांची एफडी आणि चार लाखांच्या आसपास म्युच्युअल फंड. एवढ्या भांडवलावर आंबेगावच्या बाजूचा ७८ लाखांचा फ्लॅट ठरत आला होता.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. यांचं अंथरूण किती, ते कुणी मोजलंच नव्हतं. विक्री कार्यालयातल्या मुलीने मोजलं होतं फक्त एकच: "सर, तुमच्या पगारावर कर्ज आरामात होईल." कर्ज होईलही. पण बँक घराची सगळी किंमत देत नाही. ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाहीत. म्हणजे ७८ लाखांवर कर्ज जास्तीत जास्त ६२ लाख ४० हजार. पदरचे १५ लाख ६० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, ५ लाख ४६ हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर ५ टक्के जीएसटी, ३ लाख ९० हजार. बेरीज २५ लाख २६ हजार. क्लबहाऊस, वीजमीटर, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स हे अजून मी धरलंच नव्हतं. हातात होते साडेदहा लाख.

जावई पाठकोऱ्या कागदावरचे आकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे तिथे कुणी सांगितलं नाही."

त्यांनी ते का सांगावं?

मग मी मोबाइलवर महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, संकेतस्थळ उघडलं. माहितीपत्रकावर क्यूआर कोड होता. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो छापावाच लागतो. प्रकल्पाच्या पानावर पूर्णत्वाच्या दोन तारखा होत्या. मूळ तारीख डिसेंबर २०२३, म्हणजे पुढच्याच महिन्याची. सुधारित तारीख डिसेंबर २०२६. तोंडी मात्र "दीड वर्षात ताबा" असं सांगितलं गेलं होतं. माहितीपत्रकातले १०५० चौरस फूट इथे ७०२ झाले होते, कारण कायद्याने विकायचा तो कारपेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, डक्ट त्यात धरत नाहीत. घरातल्या आतल्या भिंती धरतात. आणि फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की १५ टक्के रक्कम भरल्यावर करारनामा केला जाईल. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांच्या वर एक रुपया मागता येत नाही. यात गुप्त काही नव्हतं. सगळं पिशवीत आणि मोबाइलवर होतं, फक्त कुणी बघितलं नव्हतं.

भाचीने तो चेक उभा-आडवा फाडला. जावयाला ते आवडलं नाही, आणि मला ते दिसलं.

आधी स्वतःचे कागद

डिसेंबरात दोघांचे सिबिल अहवाल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीच्या नोंदी, काढले. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पाचशे रुपये द्यायची गरज नाही. जावयाचा गुणांक ७०४. वाईट नाही, पण त्याला स्वतःला तो आठशेच्या घरात वाटत होता. "मी आजवर एक हप्ता चुकवलेला नाही, मावशी."

अहवालाच्या तिसऱ्या पानावर कारण सापडलं. २०१७ सालचं एक क्रेडिट कार्ड, त्यापुढे शेरा: सेटल्ड. त्याने ते कार्ड कापून फेकलं होतं. कापल्याने कार्ड बंद होत नाही. वार्षिक फी लागत गेली, त्यावर व्याज चढलं, आणि दोन वर्षांनी वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा ३,४८० रुपयांच्या जागी २,००० वर तडजोड करून याने सुटकेचा निःश्वास टाकला. १,४८० रुपये वाचले म्हणून तो तेव्हा खूश होता. पण "सेटल्ड" म्हणजे कर्जदाराने पूर्ण रक्कम दिली नाही, बँकेने पाणी सोडलं. "क्लोज्ड" म्हणजे हिशेब चुकता. कर्ज मंजूर करणारा अधिकारी हे दोन शब्द बघतो, रक्कम नंतर. मी स्वतः असे अर्ज बाजूला ठेवलेले आहेत, त्यामुळे ठामपणे सांगते.

उपाय कंटाळवाणा असतो. त्या बँकेला पत्र लिहिलं, सोडून दिलेले १,४८० आणि त्यावरचं काय ते भरलं, थकबाकी नसल्याचा दाखला घेतला, दाखला जोडून सिबिलकडे दुरुस्तीचा अर्ज केला. अशा अर्जाचा निकाल ३० दिवसांत लावायचा असतो. यांचं पहिलं उत्तर आलं "बँकेने दुजोरा दिला नाही", मग पुन्हा पत्र, पुन्हा अर्ज. मार्च उजाडला. शेरा बदलला तेव्हा गुणांक ७५० च्या पुढे गेला.

भाचीची गत उलटी. तिच्या नावावर आयुष्यात एकही कर्ज नाही, कार्ड नाही, त्यामुळे गुणांकही नाही. आपल्याकडे हे कौतुकाने सांगतात, पण बँकेच्या लेखी ती अनोळखी. सहकर्जदार म्हणून तिचा पगार धरायचा तर ओळख हवी. पन्नास हजारांच्या एफडीवर तिच्या नावाचं एक छोटं कार्ड घेतलं. त्यावर महिन्याचा किराणा आणि गॅस, बिल आलं की त्याच दिवशी पूर्ण भरायचं. सहा-सात महिन्यांत तिचाही आकडा दिसू लागला.

हप्त्याची रंगीत तालीम

मी बँकेत असताना लोकांना एक गोष्ट सांगत असे आणि लोक हसून सोडून देत. घराचा हप्ता सुरू व्हायच्या आधी तो भरून पाहा. बँकेचा हिशेब साधा असतो: हातातल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते झेपतील असं गृहीत धरायचं. १,१४,००० च्या निम्मे ५७ हजार, त्यातून गाडीचे ११,४०० वजा, उरले ४५,६००. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखाला ८६८ रुपये हप्ता. म्हणजे साडेबावन्न लाखांचं कर्ज, आणि गाडीचं कर्ज फेडलं तर पासष्ट लाखांच्या पुढे. पण या हिशेबात बालवाडीची फी नाही, मेव्हण्याचं लग्न नाही, दातांचा डॉक्टर नाही.

जानेवारीपासून यांनी दर महिन्याच्या ५ तारखेला २६ हजार एका रिकरिंग खात्यात टाकायचे असं ठरलं. भाडं २३ हजार चालूच होतं. दोन्ही मिळून ४९ हजार: उद्याचा ४६ हजारांचा हप्ता आणि तीन हजार सोसायटीचा मेंटेनन्स. पैसे आपल्याच खात्यात राहतात, तेवढीच बचत. मोडलं तरी बँक दारात येत नाही.

जानेवारी, फेब्रुवारी व्यवस्थित गेले. मार्चमध्ये मुलीच्या शाळाप्रवेशाचे एकरकमी पैसे भरावे लागले आणि हप्ता चुकला. एप्रिल भरला. मे महिन्यात साताऱ्याला घरचं लग्न होतं. आहेर, प्रवास, दागिन्याची घडणावळ. पुन्हा चुकला. पाच महिन्यांत दोन हुकले, तेव्हा मे अखेरीला दोघं माझ्याकडे गप्प बसून होते.

"म्हणजे आपल्याला घर झेपणार नाही का गं मावशी?"

"गाडीसकट नाही झेपणार," मी म्हटलं.

गाडी जावयाची लाडकी होती. त्याने आठ दिवस घेतले. मग एका रविवारी फोन आला की कंपनीची बस कर्वे पुतळ्यावरून जाते, सहा वीसला. गाडी ४ लाख ६० हजारांना गेली, २ लाख ६० हजार कर्जाचे फिटले, दोन लाख हातात आले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकही हप्ता चुकला नाही. नऊ महिन्यांत सात भरले, १ लाख ८२ हजार साठले. पुढे बँकेने ५८ लाख मंजूर केले तेव्हा दोघांनी स्वतःच ५२ वर बोट ठेवलं. ५२ लाखांचा हप्ता ४५,१३० रुपये. तो आकडा बँकेच्या कागदातून आला नव्हता, रिकरिंगच्या पासबुकातून आला होता.

बाकीची जमवाजमव थोडक्यात सांगते. एफडी ६.५ लाख, फंड विकून ४.२, जावयाच्या पीएफमधून घरासाठीची उचल ३.५, रिकरिंगचे १.८, गाडीचे २. सासरे एसटीतून निवृत्त झालेले. त्यांनी सात लाख दिले. वडिलांनी मुलाला दिलेल्या पैशावर कर लागत नाही, पण बँक विचारते की हे कर्ज आहे की भेट, म्हणून रक्कम खात्यातूनच घेतली आणि त्यांच्या सहीचं एका पानाचं पत्र फाइलला लावलं. सासऱ्यांना ते पत्र जरा लागलं. "पोराला पैसे दिले याची पावती द्यायची?" एकूण २५ लाख. भाचीच्या पाटल्यांना हात लावायचा नाही, हे तिच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

जांभळाचं झाड

घरं बघायला सुरुवात मे महिन्यात झाली. वीसेक घरं पाहिली असतील. त्यातली बहुतेक पाच मिनिटांत निकालात निघाली, त्यावर लिहायला काही नाही. सिंहगड रोडला नदीकडेचा एक फ्लॅट स्वस्तात मिळत होता. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं, एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, आणि तो फ्लॅट आपोआप यादीतून गळाला. निळी पूररेषा, म्हणजे नदीच्या पुराची हद्द, नकाशावर असते; त्या दिवशी ती टीव्हीवर दिसली.

जीव अडकला तो कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीतल्या घरात. १९९४ ची इमारत, पहिला मजला, लिफ्ट नाही, ७१ लाख. स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकलेलं जांभळाचं झाड. जूनचा पहिला आठवडा होता, ओट्यावर उभं राहिलं की हात बाहेर काढून जांभळं तोडता येत होती. भाचीने दोन तोडून तोंडात टाकली आणि मला कळलं की आता हिला समजावणं अवघड आहे.

घर दाखवणारे गृहस्थ साठीचे, सज्जन. घर वडिलांचं. वडील २०१९ मध्ये गेले, आई त्याआधीच. मी सोसायटीचं भागप्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, मागितलं. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिलं. पुढच्या बाजूला वडिलांचं नाव. मागच्या बाजूला हस्तांतरणाचा तक्ता असतो, तो कोरा.

"मी नॉमिनी आहे," ते म्हणाले. "सोसायटीने मला सभासद करून घेतलंय."

करून घेतलं होतं, पण तात्पुरतं. आपल्या सहकार कायद्यात २०१९ पासून हे स्पष्ट आहे: सभासद गेला की नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, वारस ठरेपर्यंत. नॉमिनी हा घराचा राखणदार. मालक म्हणजे सगळे वारस. मी विचारलं, भावंडं किती? नाशिकला एक भाऊ, अमेरिकेत बहीण. "त्यांचं काही म्हणणं नाही. सह्या काय, नंतर घेता येतील." दोघांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागणार होतं, बहिणीच्या बाबतीत वकिलातीतून साक्षांकित मुखत्यारपत्र. त्याशिवाय कुठल्याही बँकेचा वकील या घरावर सही करणार नव्हता. बँकेचं सोडा, मीही करू दिली नसती.

एजंट मात्र रोज फोन करत होता की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, दोन लाख विसार देऊन टाका, कागद होत राहतील. भाचीचं मन तिकडेच. "मावशी, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस," असं ती एकदा म्हणाली. तिचं खोटं नव्हतं, चोवीस वर्षं मला त्याचाच पगार मिळत होता.

दोन महिने वाट बघितली. शेवटी जुलै अखेर त्या गृहस्थांच्याच संमतीने आम्ही नाशिकच्या भावाला फोन लावला. स्पीकरवर होता. ते आधी बरेच गप्प राहिले. मग म्हणाले, "घर विकायला काढलंय का? मला कुणी विचारलं नाही." खोलीतले सगळे जमिनीकडे बघत होते. जांभळाचा मोसमही संपला होता.

वरचे चौदा

ऑगस्टमध्ये कर्वेनगरातच एक घर मिळालं, ७० लाखांत, कागद स्वच्छ. बोलणी संपताना मालक सहज म्हणाले, "करार छप्पनचा करू, चौदा वर." म्हणजे चौदा लाख रोख. त्यांनी त्यात आमचाच फायदा दाखवला: चौदा लाखांवरचं मुद्रांक शुल्क वाचेल, ९८ हजार.

आम्ही तिथेच गणित केलं. कर्ज कराराच्या रकमेवर मिळतं. ७० चा करार असता तर कर्ज ५६ पर्यंत, पदरचे १४. करार ५६ चा केला की कर्ज ४४ लाख ८० हजार, पदरचे २५ लाख २० हजार, आणि त्यातले चौदा नोटांत. म्हणजे ९८ हजार वाचवायला आणखी ११ लाख २० हजार उभे करायचे. घराच्या व्यवहारात वीस हजार आणि त्यावरची रोख रक्कम घेणं आयकर कायद्याने बंद आहे, दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा. उद्या हे घर विकायला काढलं तर आपली खरेदी किंमत कागदोपत्री छप्पनच, वरच्या चौदाचा नफा आपल्या माथी. जावयाने हात जोडले आणि उठला. दिवाळीत ऑफरसाठी घायकुतीला आलेला हाच माणूस.

वारज्याचं घर

ऑगस्टच्या शेवटी वारज्याला घर सापडलं. २०१३ ची इमारत, चौथा मजला, दोन बेडरूम, सांगितलेली किंमत ७० लाख. मी घरं पावसाळ्यातच बघावीत या मताची आहे. रंग उन्हाळ्यात फसवतो, श्रावणात भिंत खरं बोलते. बाथरूमच्या मागची भिंत तळव्याने चाचपली, कपाटं हलवून मागे बघितलं, गच्चीवर जाऊन पाणी कुठे साठतं ते पाहिलं. एका बेडरूमच्या कोपऱ्यात ओल होती, वरच्या मजल्याच्या नळाची, दुरुस्त होण्यासारखी.

जुन्या करारात क्षेत्रफळ बिल्टअपमध्ये, म्हणजे भिंतींसकट, होतं आणि मालक कारपेट ६४० सांगत होते. आम्ही टेप नेली होती. टेपचं एक टोक मुलीने धरलं, भिंतीला घट्ट लावून, जीभ बाहेर काढून. खोल्या, पॅसेज, स्वयंपाकघर धरून बेरीज आली ६१२. मालकांनी स्वतः पुन्हा मोजलं. ७० चे ६८ झाले ते तिथे, टेपमुळे. घासाघीस अशी फार करावी लागली नाही.

कागद बरे होते. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि सोसायटीच्या नावाने झालेलं अभिहस्तांतरण, म्हणजे इमारतीखालची जमीन बिल्डरच्या नव्हे तर सोसायटीच्या नावावर. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांना हे शेवटचं भाग्य लाभत नाही. वकिलाने तीस वर्षांचा शोध घेतला, सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या उताऱ्यांच्या, नकला काढल्या. एकच अडचण: मालकांचं स्वतःचं नऊ लाखांचं कर्ज त्या घरावर बाकी होतं, मूळ करार त्यांच्या बँकेत. यात घाबरण्यासारखं काही नसतं, क्रम चुकता कामा नये एवढंच. त्यांच्या बँकेकडून दोन पत्रं घेतली, एक बाकी रकमेचं आणि एक तिथे जमा असलेल्या कागदांच्या यादीचं. आमच्या बँकेचा पहिला चेक त्या बँकेच्या नावे निघाला, मालकांच्या नव्हे. कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत कागद परत द्यायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई; हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद अठराव्या दिवशी आले.

गणपतीच्या आदल्या दिवशी एक लाख विसार दिला. विसारपावतीत मी एक ओळ घालायला लावली होती: बँकेच्या वकिलाने हक्क सदोष ठरवल्यास विसार पूर्ण परत. मालकांनी ती दोनदा वाचली आणि सही केली. ज्याचे कागद स्वच्छ असतात त्याला ही ओळ टोचत नाही. करार पितृपक्षात नको, असं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं. माझी हरकत नव्हती. कागद तपासायला पितृपक्षाची आडकाठी नसते, आणि ते पंधरा दिवस त्यातच गेले.

नाव कुणाचं लावायचं यावर घरात चर्चा झाली. केवळ बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. इथे ६८ हजार वाचले असते. नवऱ्याचं नाव बरोबर लागलं की सवलत गेली. सासूबाई म्हणाल्या, "तिच्या एकटीच्या नावावर करा. पैसे वाचतील आणि माझा जीवही." भाचीच नको म्हणाली. कर्जाचा मोठा भाग जावयाच्या पगारातून जाणार, तो जुन्या पद्धतीने कर भरतो, आणि मालकीत नाव नसेल तर व्याजाची वजावट त्याला मिळणार नाही; वर्षाला दोन लाखांपर्यंतची ती वजावट ६८ हजारांना दीड-दोन वर्षांत मागे टाकते. हे तिने स्वतः मांडलं. दिवाळीत तिला कारपेट म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी दुय्यम निबंधक कार्यालयात करार नोंदवला. मुद्रांक शुल्क ४ लाख ७६ हजार, नोंदणी ३० हजार, एजंटचे ६८ हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजार. महापालिका हद्दीत त्याहून जास्त मागता येत नाही, सेक्रेटरींनी "इमारत निधी" म्हणून आणखी पन्नास मागून पाहिले होते. वकील, शोध, बँकेची फी वगैरे ५५ हजार. पदरच्या १६ लाखांसकट २२ लाख ५४ हजार गेले. उरलेल्यातून तीन हप्ते बाजूला, आणि एक लाखाच्या वर थोडे रंगाला, प्लंबरला.

एक प्रसंग मालकांशी झाला तो इथेच. हिशेबाला ६८ हजार कमी आले म्हणून ते बिनसले. पन्नास लाख आणि त्यावरच्या घराला खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. ते पैसे विक्रेत्याच्याच पॅनवर जमा होतात. मालकांना वाटलं आपल्याला कापलं. खरेदीदार दोन म्हणून अर्जही दोन, ३४-३४ हजारांचे. पावत्या आल्यावर जावई स्वतः जाऊन त्यांना देऊन आला, चहा घेऊन आला.

डिसेंबरच्या ५ तारखेला पहिला हप्ता गेला. त्याच तारखेला.

हे लिहायला घेतलं ते मात्र दुसऱ्याच कारणाने. एप्रिल २०२५ मध्ये सकाळी सातला भाचीचा फोन आला. मागे मोटारीची घरघर ऐकू येत होती.

"मावशी, टँकर आलाय. आठवड्यात चौथा. सेक्रेटरी म्हणतात दर उन्हाळ्यात असंच असतं, मेंटेनन्समध्ये नऊशे रुपये वाढणार."

मी पावसाळ्यात भिंती चाचपत होते. नळाला पाणी धो धो होतं. एप्रिलमध्ये ते असेल का, हा प्रश्न मी विचारला नाही, मालकांनी सांगितलं नाही. फोन ठेवून मी कपाटातून त्यांच्या फाइलची झेरॉक्स काढली. सोसायटीचा वार्षिक अहवाल त्यात होता. मीच मागवला होता, थकबाकी आहे का ते बघायला. थकबाकीच्या पानावर माझी पेन्सिलची खूण. त्याच्या पुढच्याच पानावर, खर्चाच्या बाजूला, सातवी ओळ: पाणी टँकर, १,३८,०००.